नववा प्रश्न

"चार छप्पन्न," काउंटरमागचा कारकून लेलंड म्हणाला.

"पाच छप्पन्न." माइते आरिझागाने मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकापाशी नेलं.

दोघांच्या मधे, निवडणूक कचेरीच्या काउंटरवर, सहा बाद अर्ज पडले होते. सातवा कोरा होता. पाच वाजता, म्हणजे लेलंडच्या पाच वाजता, मुदत संपत होती.

त्या वर्षी ऑरेगन राज्याने मतदारांना नऊ प्रश्न विचारले होते. आठांचा निकाल लागला. दारूवरचा कर पडला, नदीकाठचा कायदा पास झाला, राज्याचा अधिकृत बटाटासुद्धा ठरला. उरला होता नववा: दर हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे घेणं बंद करून वर्षभर उन्हाळी वेळच ठेवावी का? 'हो'वाले अख्ख्या राज्यात अकरा मतांनी मागे होते, आणि त्यांचं एक मत, माइतेचं, या काउंटरवर अडकलं होतं. टपालाने मत पाठवताना पाकिटावर तिने चालत्या पिकअपमध्ये सही केली होती. ती सही नसून रस्त्याचा नकाशा आहे, असं कचेरीचं मत पडलं. प्रत्यक्ष येऊन अर्ज भरा, असं पत्र तिला आलं.

अर्ज सोपा होता. नाव, सही, वेळ. वरच्या बाजूला यंत्र वेळेचा शिक्का मारायचं, आणि खाली मतदाराने तीच वेळ आपल्या हाताने लिहायची. दोन्ही जुळल्या नाहीत की अर्ज बाद.

इथेच घोडं पेंड खात होतं. पंधरवड्यापूर्वी सगळ्या राज्याने घड्याळं मागे घेतली होती. माइतेने हा प्रकार चार वर्षांपूर्वीच सोडला होता. तेव्हापासून हिवाळाभर ती एकटी तासभर पुढे राहायची. दंतवैद्याच्या बंद दारासमोर बसायची, चर्चमध्ये रिकाम्या बाकांसोबत प्रार्थना करायची. तिच्या मेंढ्यांनी मात्र कधी तक्रार केली नाही. आजही ती तासभर आधी आली होती. तो तास या वादात गेला होता.

"बाई, नुसता आकडा आहे हो. पाचाच्या जागी चार लिहायचं."

"नुसता आकडा आहे ना? मग तूच तुझा बदल."

"माझ्या हातात असतं तर बदलला असता."

"तुझ्या हातात नाही, म्हणून तर मत टाकलंय."

लेलंडने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार सत्तावन्न. तिसरीत असताना मला दोन मिनिटं उशीर झाला, तर तुम्ही बस घेऊन निघून गेला होतात. बर्फ पडत होता. मी हात हलवत होतो."

"आरशात दिसलास."

"तरी थांबला नाहीत."

"वेळ म्हणजे वेळ."

लेलंडने त्याच घड्याळाकडे बोट दाखवलं. आपलंच वाक्य आपल्यावर उलटलंय, हे एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माइतेला उशिरा कळलं. तिने पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. चार लिहिलं, तर चार हिवाळे एकटीने आधी जेवून उठल्याचा उपयोग काय? पाच लिहिलं, तर मत कचऱ्यात.

लेलंडने सातवा अर्ज यंत्रात सरकवला. खट्ट झालं. "चार अठ्ठावन्न. शेवटचा अर्ज, बाई. कोरे संपले."

"किती वाजले म्हणालास?"

"चार अठ्ठावन्न."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. यंत्र म्हणतं. सगळं राज्य म्हणतं."

"राज्याशी माझी ओळख नाही," माइते म्हणाली. "तुझ्याशी आहे."

ती वाकली, तिने सावकाश लिहिलं आणि अर्ज फिरवून त्याच्यापुढे सरकवला. वेळेच्या चौकटीत, रेघेबाहेर जराही न जाता, लिहिलं होतं: 'लेलंडच्या म्हणण्याप्रमाणे ४:५८'.

लेलंडने ते दोनदा वाचलं. नियमांचं पुस्तक काढलं. त्याचं बोट 'शाई'वरून 'सही'वर आणि तिथून 'वेळ'वर आलं. वेळ जुळली पाहिजे, असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं. ती मतदाराला पटलीही पाहिजे, असं कुठेच नव्हतं.

त्याने 'स्वीकृत'चा शिक्का उचलला आणि असा हाणला, की पेनांचा डबा आडवा झाला.

"अकराचे दहा," माइते म्हणाली.

"कुठल्या बाजूचं मत आहे ते मला कळता कामा नये, बाई."

"मग ऐकू नकोस."

बाहेर अंधारलं होतं. लेलंडने एकेक दिवा बंद केला, मागच्या दाराचं कुलूप ओढून पाहिलं आणि खुंटीवरचा तिचा कोट काढून धरला. "चला. पाच वाजले."

माइतेने एक बाही चढवली आणि थांबली. दुसरा हात तिने तसाच बाहेर ठेवला. घाई तिला नव्हती.

लेलंड कोट धरून उभा राहिला. बराच वेळ.

"सहा," तो म्हणाला.

तिने दुसरी बाही घातली.