शेवटची चार अक्षरं

कामरान बायकोला ईदी बिटकॉइनमध्ये द्यायचा. नमाजाहून आला की लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसायचा आणि ओरडायचा, "नाजिमा, नवा पत्ता काढ. गेल्या ईदचा चालायचा नाही."

ती मोबाइलवर वॉलेटचा नवा पत्ता काढून त्याला पाठवायची. पैसे भलतीकडे जाऊ नयेत म्हणून पहिली चार अक्षरं ती स्वयंपाकघरातून वाचायची आणि शेवटची चार तो आतून.

"मधली काय शेजारी तपासणार?" ती विचारायची.

"पहिली तर दर वेळी सारखीच असतात. ओळख पटते ती शेवटच्या चारांवरून."

यंदा रमजानच्या आधीच तो गेला.

ईदच्या सकाळी शिरखुर्मा उकळत होता. घरात ती एकटीच होती. मंडईकडून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. सवयीनं तिनं नवा पत्ता काढला. पाठवायचा कुणाला? तरी तिनं मोठ्यानं वाचलं, "बी, सी, एक, क्यू."

"सात, के, एम, नऊ," आतल्या खोलीतून आवाज आला.

तिनं मोबाइलकडे पाहिलं. अक्षरं बरोबर होती.

नाजिमानं गॅस बंद केला, डोळे पुसले आणि आणखी एक नवा पत्ता काढला.