पोळ्यावरची झाकणं

मल्लव्वाच्या पत्राला वेणीमाधवांनी एकवीस दिवस उत्तर दिलं नव्हतं. आज गुरुवार होता. शनिवारी तिच्या गावी, वळसंगला, बचत गटाची बैठक होती. कोपऱ्यावरच्या टपालपेटीतली पत्रं साडेतीनला उचलत, आणि दोन कधीच वाजून गेले होते.

पत्रातलं अक्षर मल्लव्वाचं स्वतःचं होतं. सोलापूरच्या वाचनालयात ती झाडलोट करायची, तेव्हा ग्रंथपाल असलेल्या वेणीमाधवांनीच तिला ते गिरवायला शिकवलं होतं.

'सर, सूर्यफुलाच्या रानात माश्यांच्या पेट्या ठिवल्या व्हत्या. मध पोळ्यातच गोठला. मी वरनं साखरंचा पाक वतते म्हनत्यात. गटाच्या प्रदर्शनात कुनी शिकलेला मानूस तसं बोलला म्हनं. गट माज्या पेट्या काडून घेनार हाय. तुमी लई पुस्तकं वाचल्यात. तुमी लिवून दिलं तर बाया ऐकतील. पोळं पाठवतीय, बगा.'

वेणीमाधवांनी चार पुस्तकं धुंडाळली. सूर्यफुलाचा मध लवकर गोठतो, हे चारींतही होतं. पण हा मध तसाच आहे, हे कुठल्या पुस्तकात असणार? सही केली आणि ती खोटी ठरली तर? नाही केली, तर मल्लव्वाच्या माश्या जाणार. रोज पेन उघडायचं आणि मिटायचं, एवढंच चाललं होतं.

आज त्यांनी धीर केला. पोळं अर्धं तोडून स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. मध पातळ झाला की चव घेऊन ठरवू, असा बेत होता. गॅस बारीक करायचा राहिला. आधी पोळं खचलं, मग मेणच वितळलं. डब्यात पिवळट लगदा तेवढा राहिला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" सरोजिनीबाई दारातून म्हणाल्या.

"पुरावा घालवला मी," वेणीमाधव म्हणाले.

"अर्धं आहे की अजून! आणा इकडे. तुम्हाला साधा चहा गाळता येत नाही, आणि निघालात मध पारखायला."

सरोजिनीबाईंनी उरलेला तुकडा खिडकीशी नेला. पदराची टाचणी काढली. घरावर घर, प्रत्येकावर मेणाचं पातळ, अखंड झाकण. एक झाकण टाचणीनं अलगद उचललं. आत मध काठोकाठ गोठलेला. दुसरं उचललं. तिथेही तेच.

"गटातल्या बाया नेमकं काय म्हणतात?"

"मल्लव्वा वरून पाक ओतते."

"मग ही झाकणं कुणी लावली? मल्लव्वानं? एकेक, टाचणीनं?"

वेणीमाधवांनी तुकडा हातात घेऊन उजेडात धरला. एकवीस दिवस तो त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी तो एकदाही डोळ्यांजवळ धरला नव्हता.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ते लिहायला बसले. आज पेन मिटलं नाही. गटाच्या अध्यक्षांच्या नावे पान भरलं, पाकिटावर वळसंगचा पत्ता घातला, तिकिटं मात्र सापडेनात. सरोजिनीबाईंनी देव्हाऱ्याच्या खणातून ती शोधून काढली. दोघं भर उन्हात कोपऱ्यापर्यंत जवळजवळ पळतच गेली. टपालवाल्याची सायकल पेटीला टेकलेली होती आणि तो किल्ली शोधत होता.

वेणीमाधवांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं. हात तिथेच थांबला.

"सोडा की आता," सरोजिनीबाई म्हणाल्या. "झाकणांचं लिहिलंत ना? मग झालं. एवढं पानभर काय लिहिलंय?"

"आजोबा, टाकताय का?" टपालवाला म्हणाला.

"पुढचं माझ्याबद्दल आहे," वेणीमाधव बायकोकडे न बघता म्हणाले. "प्रदर्शनात एका बाईनं मला विचारलं होतं, हा मध असा गोठलेला का? मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून साखर असेल असं म्हणालो. तो शिकलेला माणूस मीच."

आणि त्यांनी पाकीट सोडलं.