नावाचा रकाना

या, असे पुढे सरका. दारात बसून कथा कानात शिरते, मनात नाही. आज आपल्या वस्तीतल्या बंबखान्याची गोष्ट सांगतो.

बंबखान्याला शंभर वर्षं होत आली, तेव्हा तिथल्या प्रमुखांनी ठरवलं, की इथे राबलेल्या प्रत्येकाचं नाव दगडी पाटीवर कोरायचं. यादी सरळ होती. अडलं एका नावाशी.

ते नाव फोनकाकांचं. पस्तीस वर्षांपूर्वी ते फोनवर बसून आगीच्या वर्द्या घेत. आग कुठे, बोलतंय कोण, हे विचारायचं, वहीत लिहायचं आणि घंटा वाजवायची. एका दुपारी लाकडाची वखार पेटली. पहिली गाडी गेली. दुसरी तिच्या मदतीला निघणार, तोच काकांनी ती वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला, पिठाच्या गिरणीकडे पाठवली. तिथे पाहावं तर दळण चालू, आगीचा पत्ता नाही. गाडी उलटी फिरून वखारीवर पोचेपर्यंत छप्पर बसलं होतं. पहिल्या गाडीवर गेलेला तांडेल, म्हणजे गाडीवरच्या माणसांचा म्होरक्या, आणि त्याचे दोन सोबती आतच राहिले.

आदल्या दिवशी तांडेलाचं आणि काकांचं पाळ्यांवरून वाजलं होतं. लोकांना तेवढं पुरलं. काकांचा फोन काढून घेतला आणि निवृत्त होईपर्यंत ते पाण्याचे पाइप धूत राहिले. वस्तीने त्यांचं नाव पाडलं, 'खोटीवर्दी'. ते गणवेशात दिसले की कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाला म्हणे, की बघा, याच्या अंगावरचीसुद्धा खोटीच. काका ऐकत, आणि देवाचं नाव घेत पुढे जात.

पाटीचं कळल्यावर मात्र ते एकदा स्वतः आले होते. माझं नाव असेल का, एवढंच विचारून गेले.

प्रमुखांनी जुनी वही काढली. त्या दिवसाचं सगळं पान निळ्या शाईत होतं. फक्त गिरणीच्या वर्दीपुढचा नावाचा रकाना काळ्या शाईत. 'नाव सांगितले नाही.' त्यांनी पान उजेडासमोर धरलं. तिथला कागद खरवडून झिरझिरीत झाला होता.

काकांना बोलावणं गेलं. ते काठी टेकत आले. वर्दी कुणी दिली, असं विचारल्यावर आठवत नाही म्हणाले. मग खरवडलं कुणी, तर मीच म्हणाले.

"का?"

"अक्षर वाईट आलं होतं, साहेब."

प्रमुखांना हसू आलं नाही. वर्दी आलीच नसणार. रागाच्या भरात गाडी भलतीकडे पिटाळली, कुणाचं तरी नाव ठोकून दिलं, आणि मग अंगाशी येईल म्हणून खोडलं. त्यांच्या मनाने हेच घेतलं. तरी शेवटचा शब्द तांडेलाच्या बायकोचा, असं त्यांनी ठरवलं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. पस्तीस वर्षांत त्या काकांशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या नको म्हणाल्या तर नाव नाही.

वहिनी आल्या तसे काका खुर्चीतून उठलेच.

"तुम्ही कशाला आलात, वहिनी? घरी जा. साहेब, माझं नाव नको. राहू द्या."

कालपरवा नाव मागणारा माणूस आज नको म्हणतो, ही घाई प्रमुखांना खटकली. त्यांनी वही वहिनींपुढे सरकवली.

वहिनींनी रकान्यावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"हे खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

प्रमुखांनी काकांकडे एकदा रोखून पाहिलं आणि यादीतल्या नावावर रेघ मारायला पेन उचललं.

"थांबा. नाव सांगितलं होतं. भाऊजी, मी वहिनी बोलतेय, गिरणी पेटलीय, दुसरी गाडी इकडे धाडा, असं मीच सांगितलं होतं. गच्चीवरून वखारीचा धूर दिसत होता. आमचे हे नेहमी दुसऱ्या गाडीवर. त्या सकाळी पाळी बदलून पहिलीवर गेलेत, हे मला कुठे ठाऊक?"

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या फोनकाकांची आठवण ठेवा. आणि मन धजलं, तर वहिनींचीही.