चौथा ठोकळा

"रिपोर्ट चांगला आलाय," डॉक्टर म्हणाले, आणि वाल्मीकने मान खाली घातली.

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या साळूबाईने डोळे मिटून हात जोडले. दोन महिन्यांपूर्वी याच डॉक्टरांनी तिच्या स्वादुपिंडातली गाठ काढली होती. गाठ दुर्मिळ जातीची, लाखात एखाद्याला होणारी. ती नेमकी पिंपळगाव बसवंतच्या वाल्मीकच्या बायकोलाच व्हावी, याचा राग वाल्मीकने देवापासून फवारणीच्या औषधांपर्यंत सगळ्यांवर काढला होता. अशी गाठ काढल्यावर दुखणं तिथंच संपलं की पुढे लिव्हरमध्ये पसरणार, हे नुसतं बघून सांगता येत नाही. मुंबईच्या एका लॅबमध्ये पेशींना खास रंग लावून त्यांच्यातल्या वाढीच्या खुणा मोजतात. खुणा जेवढ्या जास्त, तेवढी पसरण्याची भीती मोठी. दोन हजार सात सालच्या जानेवारीत ही तपासणी नाशकात होत नव्हती.

"खुणा जेमतेम एक टक्का," डॉक्टर कागदावर बोट ठेवून म्हणाले. "मावशी, तुमच्या लिव्हरवर स्कॅनमध्ये एक बारीक ठिपका दिसला होता. उगाच घोर नको म्हणून बोललो नव्हतो. हा रिपोर्ट वाईट असता, तर मी उद्याच त्या ठिपक्यात सुई घालून तपासलं असतं. आता ती गरज नाही. वर्षाने परत स्कॅन करू."

"म्हंजी मी बरी झाले?" साळूबाईने विचारलं.

"तसंच समजा."

त्या ठिपक्याचं वाल्मीकला आजच कळत होतं.

गाठ काढली की तिचे तुकडे मेणात बसवून ठेवतात. साळूबाईच्या गाठीचे असे चार ठोकळे गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये होते. त्यातला एक वाल्मीकने नेऊन मुंबईला पोचवायचा होता. कोणता, ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चौथा. साळूबाई त्या दिवशी घरी खाटेवर होती, पोटाला नळी लावलेली. वाल्मीक एकटाच गेला. काउंटरवरच्या तेजस्विनी नावाच्या मुलीला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "यातला बरा कुठला, ताई?"

तिने भाबडेपणाने कागद पाहिला. "पहिल्यातल्या पेशी शांत दिसतायत. चौथ्यातल्या बऱ्याच वाढीला लागल्यात. डॉक्टरांनी काही लिहून दिलंय का?"

"नाय, तोंडीच सांगितलं. पहिला द्या म्हणाले." चिठ्ठी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती.

त्यात आपण काही वावगं केलं असं त्याला तेव्हा मुळीच वाटलं नाही. त्याची द्राक्षं युरोपला जायच्या आधी तपासणीचा माणूस बागेत येऊन घड घेऊन जायचा. औषधाचा अंश जास्त सापडला की अख्ख्या बागेचा माल अडकला. म्हणून वाल्मीक त्याला बोलण्यात गुंतवून बरोबर विहिरीकडच्या ओळींत न्यायचा. तिथली फवारणी त्याने महिनाभर आधीच थांबवलेली असायची. नमुना द्यायचा तो चांगल्यातला चांगला, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. रिपोर्ट म्हणजे पास व्हायची गोष्ट, एवढंच त्याला ठाऊक. त्या माणसाला कधी शंका आलीच, तर साळूबाई चहाचा कप घेऊन पुढे व्हायची आणि असं ठासून बोलायची, की तो निमूट पिशवीचं तोंड बांधायचा. नवऱ्याची मान चारचौघांत खाली गेलेली तिला खपत नसे.

पण तो माल हॉलंडला जायचा. ती द्राक्षं खाणाऱ्याचं तोंड वाल्मीकने कधी पाहिलं नव्हतं. साळूबाईचं तोंड तो तीस वर्षं पाहत होता. आज कित्येक दिवसांनी त्यावर हसू आलं होतं, आणि त्याला तिकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर फाइल मिटता मिटता थांबले. "मुंबईच्या लॅबने ठोकळ्याचा नंबर लिहिलेला दिसत नाही. वाल्मीकराव, चौथाच दिला होता ना तुम्ही?"

वाल्मीकचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"कारण खरी वाढ त्यातच होती," डॉक्टर म्हणाले. "दुसरा गेला असेल, तर हा कागद काही कामाचा नाही. मग तो ठिपकाही मी असा सोडणार नाही. काही घोटाळा झाला असेल तर सांगून टाका, चौथा पाठवू. आठ दिवसांत कळेल."

आठ दिवस. एवढंच. वाल्मीकने दोन्ही हात मांडीवरच्या टोपीखाली झाकले. शिकल्यासवरल्या माणसासमोर आपण लबाड ठरणार, याची त्याला भयंकर लाज वाटत होती. आपण बायकोच्या जिवाशी काय करून बसलो, याची भीती त्याहून मोठी होती. साळूबाई त्या टोपीकडे बघत होती. मग तिने वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

जाऊ दे अब्रू, वाल्मीकने मनाशी ठरवलं. त्याने घसा खाकरला.

"डॉक्टर, त्या ठोकळ्याचं जरा..."

"चौथाच हाय," साळूबाई शांतपणे म्हणाली. "मी होते की यांच्यासंगं."