बेचाळीस किलो

गिरजा खाटेवर उभी राहून घोडीवर चढली आणि चढता चढता दोनदा "अगा माय" म्हणाली. तिचा नवरा परसराम घोडीचं तोंड धरून उभा होता.

"हळू बस वो. धप्पकन नोको बसू. तिचा पाय कच्चा हाय अजून."

"आन् माहे पाय?"

परसरामने ऐकलं नाही. तो घोडीच्या, मैनाच्या, कानात काहीतरी पुटपुटत होता.

सकाळचे सहा वाजले होते. मुर्री गावाच्या मागून जाणाऱ्या नहराच्या, कालव्याच्या, पाळीवर अजून चिटपाखरू नव्हतं, म्हणून तर गिरजा तयार झाली होती. वर्षभर मैना उजव्या पुढच्या पायाने लंगडत होती. ढोरांचा डॉक्टर म्हणाला होता, महिनाभर मोकळी चालवलीत, आता पाठीवर थोडं वजन द्या. चाळीसेक किलो, अर्धा तास, नुसतं चालीनं. पाय टिकला तर वरातीत नवरदेव बसवा. पुन्हा उखडला, तर घोडी कायमची कामातून गेली समजा. कामातून गेलेली घोडी घरात ठेवता येणार नाही, हे परसरामने स्वतःच तोंड फिरवून सांगितलं होतं. गावातल्या ओमेश्वरच्या पोराची वरात आठ दिवसांवर आली होती, आणि तिच्यासाठी त्याने मैना मागितली होती.

आधी धानाचं अर्धं पोतं ठेवून पाहिलं. ते घसरायचं. मग परसरामची नजर बायकोवर गेली. तिला राइस मिलमध्ये नेऊन त्याने धानाच्या काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. "एकदम बराबर!" तो एवढ्या आनंदाने ओरडला की मिलचे हमाल बघत राहिले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण आपल्याकडे पाहून याला असा आनंद झालेला गिरजाला आठवत नव्हता.

मैना निघाली. परसराम डाव्या अंगाने, तिच्या तोंडाशी, पावलाला पाऊल लावून चालत होता.

"अशी. अशी, माय माही. खड्डा हाय पुढं, पाहून. काही घाई नाही आपल्याले."

घाई नाही! गिरजा वरून त्याच्या विरळ झालेल्या टाळूकडे बघत राहिली. बाजाराच्या दिवशी हाच माणूस असा सुटायचा की पिशव्या घेऊन ती पोचेपर्यंत त्याचा चहा पिऊन झालेला असायचा. रोज संध्याकाळी तासभर तो मैनाच्या पायाला मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, कोमट तेल चोळायचा. एकदा गिरजा म्हणाली, माही कंबर धरली. तर म्हणे, लावून घे ना, वाटीत उरलं हाय.

गिरजाला घोडीचा हेवा वाटायचा. लाज वाटावी असा हेवा. सवत असती तर निदान चार बायकांना सांगता तरी आलं असतं.

पुलापाशी वळून ते माघारी फिरले, आणि थोड्याच वेळात गिरजाला ते जाणवलं. डावा पाय पडला की सगळं ठीक. उजवा पडला की तिच्या मांडीखाली घोडीचं अंग आखडायचं. मैना पाय टेकवत होती आणि टेकवल्या टेकवल्या उचलत होती. अगदी थोडं. परसराम डावीकडून चालत होता, नजर वाटेवर.

"ऐट पाह्यली का तिची?" तो म्हणाला. "पक्की झाली. आजच ओमेश्वरले सांगून टाकतो."

गिरजाने मैनाची आयाळ मुठीत धरली.

आठ दिवस गप्प बसायचं, बस. मग वरातीत सत्तर किलोचा नवरदेव बसेल, तासभर बँड वाजेल, आणि पाय जाईल. कोणीतरी गाडी घेऊन येईल आणि मैनाला घेऊन जाईल. संध्याकाळचा तासही रिकामा होईल आणि वाटीतलं तेलही उरेल. गिरजाला काही करायचं नव्हतं, फक्त तोंड मिटून राहायचं होतं. ते तर तिला चांगलं जमायचं.

उजवा पाय पुन्हा पडला. मैनाचे कान मागे गेले, पण ती थांबली नाही. दुखत होतं तरी परसराम चालतो आहे म्हणून ती चालत होती. हे चालणं गिरजाच्या ओळखीचं होतं.

तिला स्वतःचाच राग आला.

"थांबा," ती म्हणाली. "लंगडून राहिली थे."

"कोन? मैना? काही नाही. मी पाहून राहिलो ना."

"तुमाले तिकून दिसत नाही. मले वर समजते. उजवा पाय."

परसराम वळसा घालून उजवीकडे आला, उकिडवा बसला, गुडघ्याखाली हात ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

"गरम हाय," तो म्हणाला आणि एकदम उठला. "उतर, उतर लवकर! तुहं वजन पडून राहिलं तिच्यावर."

इथे खाट नव्हती. परसरामने दोन्ही हात वर केले आणि गिरजाला कमरेला धरलं. भर उजेडात, उघड्या पाळीवर. लांबून कोणाची तरी सायकल येत होती, त्याचंही त्याला भान नव्हतं. घोडीला जरासुद्धा हिसका बसू नये म्हणून श्वास रोखून, जपून, त्याने तिला हळूहळू खाली आणलं. तिचे हात त्याच्या खांद्यांवर होते. ही काळजी कोणासाठी चालली आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सोड आता," परसराम म्हणाला. "तिचा पाय पाहू दे."

"पाहजा मंग," गिरजा म्हणाली. हात तिने काढले नाहीत.