गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत

“काय हो, आधी फुकटची चटक लावायची आणि परीक्षा तोंडावर आली की आमच्या खिशात हात घालायचा, लाज नाही वाटत?”

सराव परीक्षांचं अ‍ॅप आजपासून पैसे मागायला लागलं होतं आणि मैत्रिणींनी पैज लावली होती, मदत केंद्राला हे विचारून दाखव. मी काय घाबरते की काय! शाळा सुटल्यावर फाटकापाशी फोन स्पीकरवर टाकला आणि त्या माणसाची सालटीच काढली. तो आपला एकच पाढा म्हणत होता, “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मॅडम.”

मग एकदम हळू आवाजात म्हणाला, “इतकं ओरडू नकोस, पिल्लू. सकाळपासून घसा बसलाय तुझा.”

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. “कोण गं हा आगाऊ?”

“असेल कुणीतरी वेडा,” मी म्हणाले आणि मग फोन कापला.

बाबा कुठल्याशा कंपनीत ‘ग्राहकांचं बघतात’, एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी ते घरी आले. माझ्यासाठी गुळण्यांचं पाणी तेवढं गरम करायला ठेवलं.


“आई, बाबा, उद्या मी सगळ्या मैत्रिणींना घरी आणणार आहे. फोनवरचे ते माझे कोण लागतात, हे मला त्यांना सांगायचंय.”