दहा मिनिटांत उत्तर

"क्लायंटचा मेसेज आला की दहा मिनिटांत उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याचं," असं म्हणत मॅडमनी फळ्यावर 'दहा मिनिटं' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या टबात कुणाचा तरी फोन गुरगुरला.

टबात सगळ्या वर्गाचे फोन होते. वर्गात मोबाइल नको, हा प्राचार्यांचा हुकूम. फ्रीलान्सिंगच्या तासापुरती तरी सूट द्या म्हणून मॅडमनी तीनदा अर्ज केला होता. तीनदा एकच उत्तर आलं, "नियम म्हणजे नियम." दगडावर डोकं आपटल्यासारखंच!

फोन पुन्हा गुरगुरला. आफरीन अर्धवट उठली. "मॅडम, माझाच असणार. पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या कामासाठी कालच नमुना पाठवलाय. बघू?"

मॅडमचा हात टबाकडे गेला. पण खिडकीबाहेर प्राचार्य फेरी मारत होते, आणि मॅडमची नेमणूक दरवर्षी त्यांच्याच सहीने व्हायची. हात मागे आला. "तास संपल्यावर बघ," त्या खेकसल्या. राग तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावरच.

तास संपल्यावर आफरीनने फोन उघडला आणि मॅडमपुढे धरला. लागोपाठ दोन मेसेज होते, "नमुना आवडला." "आजच सुरू कराल?" त्याखाली अर्ध्या तासाने आलेला तिसरा, "काम दुसऱ्यांना दिलं."



आफरीनने सॅक उचलली, दारापर्यंत गेली आणि फळ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, परीक्षेत दहा मिनिटं असंच लिहायचं ना?"